बंदुकीच्या दारूचे माप

श्रोतेहो, बंदुकीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे बहुधा नळीची लांबी, गोळीचा पल्ला आणि लढायांच्या तारखा यांचीच चर्चा होते. आज मी एक निराळा व वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा प्रश्न घेऊन आपणापुढे आलो आहे. बंदुकीत जी दारू घालावयाची, ती मोजावयाची कोणी? ज्याने चाप ओढावयाचा त्याने, की दूर कोठे तरी कारखान्यात बसलेल्या अनोळखी माणसाने? गेल्या दोन-तीनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली. आणि प्रत्येक उत्तराबरोबर शिकाऱ्याचे, शिपायाचे, राज्यकर्त्याचे आणि शेतकऱ्याचे परस्परांशी असलेले नातेही बदलत गेले.

आमचा वाशीमचा मुलूख हा वऱ्हाडातील बालाघाटाचा, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या माथ्यावरील पठाराचा भाग आहे. पूर्वी हा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ साली तो मोडून बहुतेक भाग अकोल्यास जोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला. काळवीट, रोही आणि रानडुक्कर यांचा उपद्रव येथील ज्वारी-तुरीच्या शेतास नवा नाही. त्यामुळे रात्रीची जागल, मचाण, गोफण आणि एखाद्या खात्यापित्या घरी खुंटीस अडकविलेली ठासणीची बंदूक, ही या मुलखाची जुनी सामग्री होय.

या ठासणीच्या बंदुकीपासूनच आरंभ करू. तिची दारू तीन जिनसांची : सोरा, गंधक आणि कोळसा. शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, असे प्रमाण बहुतेक देशांत शेवटी स्थिर झाले. नळीच्या तोंडातून ही दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा गजाने ठासावयाचा, मग गोळी किंवा छर्रे, आणि पुन्हा बोळा. माप काय? कोणी तळहातावर गोळी ठेवून ती झाकेल इतकी दारू घेत. कोणी ठासून झाल्यावर गज नळीबाहेर किती बोटे उरतो ते पाहत. चार बोटे दारू सशास, सहा बोटे डुकरास, असा हिशेब प्रत्येक शिकारी आपल्या बंदुकीपुरता मनाशी बांधून असे.

आजच्या वाचकास हे माप हास्यास्पद वाटेल; परंतु ते चालत असे, आणि त्यास शास्त्रीय कारण आहे. काळी दारू कोंडली तरी तिच्या जळण्याचा वेग पुढे निघालेल्या बिनधुराच्या दारूइतका वाढत नाही. थोडी अधिक पडली तर खांद्यास दणका बसे, धूर अधिक होई, आणि काही दारू न जळताच नळीबाहेर फेकली जाई. अर्थात् यासही मर्यादा होती. नळी कुजलेली असली, किंवा विसरभोळ्याने एकाच नळीत दोनदा दारू ठासली, तर नळी फुटून बोटे जात. पण बोटाच्या पेराएवढी चूक ही बंदूक पोटात घालीत असे. तिची यंत्ररचना अडाणी होती म्हणूनच ती क्षमाशील होती.

दारूविषयी सावधगिरी मात्र आपल्या लोकांस मुळीच नवी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, किल्ल्यावरील दारूखाना राहत्या घराजवळ असू नये, तो तळघर करून बांधावा, दारू ओलाव्यापासून जपावी आणि ठराविक दिवसांनी अधिकाऱ्याने ती बाहेर काढून उन्हे द्यावीत, अशी आज्ञा आहे. ज्या राज्यात दारू हाताने बनते व हाताने मोजली जाते, तेथे शिस्तही माणसाच्या हातातच असावी लागते, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आमच्या भागातील गावोगावच्या गढ्यांतून अशा बंदुका विपुल होत्या. हटकर नाईकांपैकी नौसाजी नाईक यांनी उमरखेड-हदगावच्या बाजूस निजामाच्या सत्तेस आव्हान दिले. तेव्हा १८१९ च्या जानेवारीत नोवा येथील त्यांच्या गढीस इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील निजामाच्या फौजेस रीतसर वेढा घालावा लागला. या फौजेचे एक मोठे ठाणे पुढे वाशीमजवळच हिंगोलीस राहिले, आणि तिच्या खर्चाच्या थकबाकीपोटीच १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. म्हणजे बंदूकधारी गावे आणि त्यांस नि:शस्त्र करू पाहणारे सरकार, हा झगडा येथे जुना आहे.

आता १८५७ साल. त्या वर्षीच्या काडतुसांची कथा शाळेतील प्रत्येक मूल पाठ म्हणते. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यात एक मुद्दा आहे, तो बहुधा निसटतो. एन्फील्ड रायफलीचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. तीत अडीच ड्रॅम दारू आणि गोळी कारखान्यातच मोजून भरलेली असे. शिपायाने पुडी दातांनी फोडावयाची, दारू नळीत ओतावयाची आणि चरबी लावलेला कागद गोळीसकट ठासावयाचा. म्हणजे माप शिपायाच्या हातात नव्हते. आणि मापाबरोबर पुडीच्या वेष्टनास काय लावले आहे हे जाणण्याचा त्याचा अधिकारही गेला. गाय आणि डुक्कर यांच्या चरबीची शंका या अज्ञानातूनच उठली. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने जी माघार घेतली ती पाहण्यासारखी आहे. काडतुसे चरबीवाचून द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मेण-तेल बाजारातून आणून स्वत:च्या हाताने लावावे, असा हुकूम निघाला. पुढे दातांऐवजी बोटांनी पुडी फोडण्याची सवलतही दिली गेली. हाताकडून जे काढून घेतले होते त्यातील थोडेसे हातास परत देण्याची ही धडपड होती. पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती. स्वत: न भरलेल्या काडतुसावर विश्वास ठेवणे ही केवळ तंत्राची बाब नसून भरणाऱ्यावरील विश्वासाची बाब असते, हा त्या वर्षाचा एक धडा होय.

यानंतर थोड्याच वर्षांत कागदाची पुडी जाऊन पितळेची पुंगळी आली. पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेटणारी लहानशी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचा शोध अलेक्झांडर फोरसाइथ नामक एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचा असून त्याने १८०७ साली त्याचा हक्क नोंदविला होता. टोपीचे दोन प्रकार १८६६ च्या सुमारास निघाले. इंग्रज कर्नल बॉक्सर याच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे जळलेली टोपी एका सळईने सहज ठोकून काढता येते. अमेरिकन बर्डन याच्या पद्धतीत पुंगळीतच उंचवटा असून छिद्रे बाजूस असतात. ती टोपी काढणे किचकट. गंमत अशी की, पुढे बॉक्सरची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि बर्डनची युरोपात. अमेरिकन शिकारी आजही आपली काडतुसे घरी भरतो आणि इतर देशांत ती चाल तितकी पसरली नाही, याचे एक कारण या छिद्राच्या जागेत आहे.

पितळेची पुंगळी पुन्हा भरता येते हे ध्यानात येताच माप परत हातात आले. मात्र ते आता गावच्या शिकाऱ्याच्या नव्हे, तर साहेबाच्या हातात. आमच्या शेजारच्या मध्यप्रांतात जेम्स फोरसाइथ नावाचा एक लष्करी अंमलदार होता. नाव तेच, माणूस निराळा. त्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशाविषयीचे पुस्तक १८७१ साली, तो वारला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले व ते आजही वाचले जाते. परंतु त्यापूर्वीच त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याचे म्हणणे असे की, जंगलात जनावर किती अंतरावर आहे याचा अंदाज नेहमी चुकतो. म्हणून नळीतील पीळ मंद ठेवावा, गोल गोळी वापरावी आणि दारू भरपूर घालावी, म्हणजे गोळी सरळ जाईल व अंतराच्या चुकीने नेम फारसा चुकणार नाही. जखमी होऊन पळालेले जनावर म्हणजे शिकाऱ्याचा अपराध, ही जाणीव त्या मोजमापामागे होती. दारूचे माप हा दयेचाही प्रश्न आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच काळात माप सरकारच्याही हातात गेले. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला. १८७८ साली लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. त्यातून युरोपियनांस सूट होती आणि हिंदी माणसास परवाना. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. पुढे सरकारच्या ध्यानात आले की, बंदुकीपेक्षा काडतूस अडविणे सोपे. १९०७ च्या सुमारास सैन्यात चालणाऱ्या मापाची काडतुसे खाजगी माणसास हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. लष्करी काडतूस चोरून कोणाच्या बंदुकीत बसू नये, हा हेतू. परिणाम असा झाला की, विलायतेतील बंदूकवाल्यांनी केवळ हिंदुस्थानच्या शिकाऱ्यांसाठी निराळ्या मापांच्या रायफली काढल्या. आपल्याकडे परवानाधारकांपाशी थ्री नॉट थ्रीऐवजी थ्री फिफ्टीन बोअरची रायफल दिसते, तिचे मूळ या निर्बंधांच्या परंपरेत आहे. सरकारच्या एका कलमाने पुंगळीचा आकार बदलावा, असे हे उदाहरण विरळा.

आता या इतिहासातील सर्वांत मोठे वळण. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने बिनधुराची दारू सिद्ध केली. १८८९ साली इंग्लंडात कॉर्डाइट निघाले. ही दारू काळ्या दारूहून कितीतरी प्रबळ, पण स्वभावाने अगदी निराळी. काळी दारू क्षमाशील, ही मानी. हिला जितके कोंडावे तितकी ती वेगाने जळते. वेगाने जळली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की आणखी वेगाने जळते. मोठ्या शिकारी रायफलीच्या एका काडतुसात ही साधारण ४५ ते ५० ग्रेन असते. आपल्या मापाने १८० ग्रेनांचा एक तोळा. म्हणजे सारा कारभार पाव तोळ्याचा, आणि त्यातून निर्माण होणारा दाब चौरस इंचास पन्नास हजार पौंडांच्या घरातला. येथे बोटाचे माप संपले व सोनाराच्या काट्याचे माप सुरू झाले.

या दारूने धूर व काजळी जवळजवळ नाहीशी केल्यामुळेच आपोआप भरणारी रायफल खऱ्या अर्थाने व्यवहारात आली. १९०६ पासून अमेरिकेत ब्राउनिंग याच्या रचनेची रेमिंग्टन कंपनीची अर्धस्वयंचलित शिकारी रायफल विकली जाऊ लागली. चाप एकदा ओढावा, एक गोळी सुटावी, आणि रिकामी पुंगळी फेकून नवे काडतूस घरात घालण्याचे काम बंदुकीने स्वत: करावे, ही तिची करामत. काही रायफली हे काम धक्क्याच्या बळावर करतात, तर काही नळीतील वायूचा थोडा अंश एका लहान छिद्रातून घेऊन त्याने दांडा मागे ढकलतात.

अशा बंदुकीत घरी भरलेले काडतूस घालणे म्हणजे काय, ते आता पाहा. साध्या, हाताने खटका ओढावयाच्या रायफलीत दारूचे काम एकच, गोळी ढकलणे. अर्धस्वयंचलित रायफलीत तीच दारू यंत्रही चालविते. ती कमी पडली तर पुंगळी अर्धवट निघून अडकते. फार मंद जळणारी घेतली तर गोळी छिद्रापाशी पोहोचतानाही मागे दाब शिल्लक राहतो आणि दांड्यास हातोड्याचा घाव बसतो. अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीचा दांडा अशा दारूने वाकतो, हे तेथील काडतूस भरणाऱ्यांचे पहिले पाठांतर असते. दुसरे असे की, पुंगळी एकदा उडाली म्हणजे फुगते; ती साच्यातून काढून मूळ मापास न आणली तर बोल्ट पुरता मिटत नाही. तिसरे सर्वांत भयंकर. यंत्र जोराने मिटताना मोकळी असलेली सुई टोपीस हलकासा स्पर्श करतेच. टोपी नाजूक असली किंवा केसभर वर राहिली, तर कुलूप लागण्यापूर्वीच, चाप न ओढता, काडतूस उडते आणि तो सारा दाब बंदूकवाल्याच्या तोंडाकडे येतो. शिवाय गोळी पुंगळीत घट्ट बसविलेली नसली तर आत शिरताना ती मागे दबते, दारूची जागा आकसते आणि दाब वाढतो.

म्हणजे यंत्र जितके हुशार झाले, तितकी हाताच्या चुकीस जागा कमी राहिली. भारतीय सैन्यास हा प्रश्न निराळ्या रूपाने माहीत आहे. १९६२ च्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्रीच्या खटक्याच्या रायफली घेऊन लढले. त्यानंतर इशापूर येथे बनलेली सेल्फ लोडिंग रायफल त्यांच्या हाती आली. तिच्यावर वायू कमी-अधिक सोडण्याची एक फिरकी असे. माती, थंडी व काजळी यांप्रमाणे जवानाने ती फिरवून यंत्रास पुरेल इतकाच वायू द्यावयाचा. जणू रचनाकाराने कबूल केले होते की, कारखान्याचे माप कितीही नेमके असले तरी शेवटचा थोडा भाग माणसाच्या बोटावरच सोडावा लागतो.

अमेरिकेत काडतूस भरणे हा १९३० नंतर गृहस्थांचा छंद झाला. फिलिप शार्प याचा या विषयावरील जाडजूड ग्रंथ १९३७ साली निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन याने सैन्याची शिल्लक दारू स्वस्तात विकण्याचा व्यापार मांडला. परंतु तेथील चांगला भरणारा मनुष्य पाहिला तर तो स्वैर नसतो. तो छापील कोष्टकाबाहेर जात नाही, प्रत्येक माप तोलतो, वहीत लिहितो, आणि एकदा दारू घातलेल्या पुंगळीत दुसऱ्यांदा पडू नये म्हणून पुंगळ्यांची रांग दिव्याखाली धरून पाहतो. म्हणजे त्याने कारखान्याची शिस्त घरी आणलेली असते. त्याच्या छंदाचे खरे नाव स्वातंत्र्य नव्हे, संयम आहे.

आपल्याकडे ही वाट कायद्याने बंद आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही, आणि त्या अधिनियमाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रेही येतात. अर्धस्वयंचलित रायफल तर साधारण परवानाधारकाच्या वाट्यास येत नाही. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निकालात काढला. कारंजा-सोहोळचे माळरान, जेथे काळविटांचे कळप पाहून बंदुकी सरसावल्या जात, ते आता त्याच काळविटांचे अभयारण्य आहे. खडकीचा आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. माप त्यांच्या हातात आहे.

मग हा इतिहास वाशीमच्या माणसास सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, रोही आणि डुक्कर कायदे वाचत नाहीत. कर्ज काढून पेरलेले सोयाबीन एका रात्रीत तुडविले गेले म्हणजे शेतकऱ्याचा संताप खरा असतो, आणि त्या संतापात हात पुन्हा जुन्या मापाकडे जातो. कोणी फटाक्यांची दारू काढून नळीत ठासतो, कोणी रिकामी पुंगळी ओळखीच्या माणसाकडून भरून घेतो, कोणी खाद्यात दडविलेला गावठी गोळा बांधावर ठेवतो. आजोबांची बंदूक बोटाच्या मापावर चालली, ही त्याची साक्ष. पण आजोबांची दारू काळी होती आणि हातात आहे ती कोणत्या जातीची, हे त्यास ठाऊक नसते. क्षमाशील दारूसाठी बनलेल्या शंभर वर्षांच्या नळीत मानी दारू पडली म्हणजे काय होते, ते वर सांगितलेच आहे. आणि बांधावरचा गोळा डुकराचे तोंड व गाईचे तोंड यांत भेद करीत नाही, वेचणीस गेलेल्या पोराच्या हातातही करीत नाही. नासधूस करणाऱ्या जनावरांपुरती वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी मागण्याची तरतूद कायद्यात आहे, नुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे. ती मिळण्यास उशीर लागतो ही तक्रार रास्त आहे, आणि ती मोठ्याने करावी. तो उशीर जितका लांबतो, तितके गावठी दारूचे माप गावात परत येते, हे सरकारनेही विसरू नये.

श्रोतेहो, माप हातात असणे ही सत्ता आहे, म्हणून सरकारांनी ते हातातून काढून घेतले. परंतु माप ही विद्याही आहे, आणि विद्या गेल्यावर उरलेली नुसती हाताची सवय ही सर्वांत धोक्याची. जुन्या शिकाऱ्यास आपली दारू, आपली नळी व आपली चूक ओळखता येत होती, म्हणून बोटाचे माप त्याला शोभले. ज्याला यांपैकी काहीच ओळखता येत नाही, त्याने ते माप आजोबांच्या आठवणीबरोबर खुंटीवरच राहू द्यावे.